चूळ

रंग बदलायचा म्हटलं की काकाचा एकच हुकूम असतो. "आधी तिला चूळ भरू दे."

ती म्हणजे गन. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात एअरब्रशला एअरब्रश असं कुणी म्हणत नाही. अस्तर मारायची ती मोठी गन आणि शेडिंगची ती छोटी गन, एवढंच. छोटीच्या पाठीवर अंगठ्याच्या पेराएवढी वाटी असते, त्यात रंग घालायचा. वाटीखालून एक सुई आरपार गेलेली असते आणि तिचं टोक पुढच्या नोझलमध्ये बुचासारखं बसलेलं असतं. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, तसाच मागे ओढला की सुई मागे सरकते आणि रंग सुटतो. नोझलच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि रंग आपोआप ओढला जातो. शाळेत बर्नुलीचं तत्त्व शिकवलं तेव्हा मी वर्गात एकटीच खुशीत होते, कारण हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात धरलेलं होतं.

चूळ भरवायची ती अशी. वाटीत उरलेला रंग बाटलीत परत ओतायचा, वाटी ओल्या फडक्यानं पुसून काढायची, मग अर्धी वाटी पाणी. नोझलच्या तोंडावर फडकं धरून बोटानं दाबायचं आणि ट्रिगर हलकाच ओढायचा. पुढे वाट नाही म्हटल्यावर हवा उलटी फिरते, रंगाच्या वाटेनं मागे येते आणि वाटीतलं पाणी खदखदायला लागतं. अगदी माणूस मोरीत उभा राहून चूळ भरतो तसा आवाज. कडेकपारीत दडून बसलेला रंग वर येतो, पाणी क्षणात पिवळं नाहीतर तांबडं होतं. ते ओतून द्यायचं, नवीन घ्यायचं, पुन्हा खदखद. तिसऱ्या पाण्याला फडकं काढून उरलेलं पाणी समोर फवारायचं, आणि समोर असते ती पांढरी टाइल.

ही टाइल काकाची. घरचं न्हाणीघर बांधलं तेव्हा उरलेली, एक कोपरा उडालेली. बाकीचे लोक पुठ्ठ्यावर मारून बघतात, वर्तमानपत्रावर मारतात, काहीजण तर सरळ भिंतीवर. काकाचं म्हणणं, पुठ्ठा खोटं बोलतो. तो पाणी पिऊन टाकतो आणि गन स्वच्छ झाली असं वाटतं. टाइल काही पीत नाही. तिच्यावर बारीक थेंब उभे राहतात आणि त्या थेंबांत जे असेल ते दिसतं.

माझ्या हातून पहिला अपराध घडला तेव्हा मी नववीत होते. श्रावण चालू होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकांनी आणून दिलेले पाट भिंतीला टेकून उभे, प्रत्येकाच्या पाठीवर खडूनं आडनाव. मी निळ्या शेल्यांची शेडिंग करत होते आणि पुढे अंगाचा रंग घ्यायचा होता, तो गुलाबीसर, फिकट. दोन चुळा भरवल्या, पाणी स्वच्छ दिसलं, टाइलकडे बघितलं न बघितलं आणि रंग भरला. पहिल्या दीड फुटी गणपतीवर सगळं ठीक होतं. दुसऱ्याच्या सोंडेपाशी आले आणि गन एकदम खोकली. फस्स करून तीन ठिपके. निळे. सोंडेच्या वळणावर, बरोब्बर समोर.

काका ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या हातातली गन घेतली, नळी काढली, मागची टोपी फिरवून उघडली, सुई धरून ठेवणारा नट सैल केला आणि सुई बाहेर काढून माझ्यासमोर धरली. सुईच्या मधोमध, जिथे पाणी पोचलंच नव्हतं, तिथे निळ्या रंगाचं एक कडं होतं. बांगडीसारखं. "हे कुठून दिसणार तुला?" तो म्हणाला. "पाणी नितळ येतं म्हणजे पाण्याची वाट नितळ झाली. गन नव्हे."

मग त्यानं मला खाली बसवून अख्खी गन खोलायला लावली. सुई पुसायची ती नेहमी मागून टोकाकडे, गोल फिरवत. उलटं पुसलंत तर टोक बोटात जातं, नाहीतर फडक्यात अडकून वाकतं. आणि वाकलेली सुई म्हणजे संपलंच. डोळ्याला काही कळत नाही, पण फवारा एका बाजूला तिरका जातो. टोक सरळ आहे की नाही ते बघायला काका सुई नखावरून हळूच ओढतो. आकडा झाला असेल तर नखावर ओरखडा उठतो. पुढचं नोझल सगळ्यात नाजूक. भोक ०.३ मिलिमीटर, सगळा तुकडा तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नाही. जास्त आवळलं तर चिरतं, आणि खाली पडलं तर भुशात, पेंढ्यात, मातीत सापडत नाही. म्हणून गन खोलायची ती परातीत. आमच्याकडे त्यासाठी एक जुनी पितळी परात आहे आणि तिला इतकी वर्षं परातच म्हणतात, पण तिच्यात कणीक कधीच मळली गेलेली नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली, जी मला आजही कारागिरीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. सुई मागे ओढून काढायची असेल तर आधी चूळ भरवलेली हवी. तशीच रंगानं माखलेली सुई मागे ओढली तर तो रंग ती आपल्याबरोबर आत, मागच्या वायसरपर्यंत नेऊन बसवते. म्हणजे साफ करायला जावं आणि घाण अधिक आत ढकलावी. काही कारागीर यावर उपाय म्हणून आधी नोझल उतरवतात आणि सुई पुढून काढतात. काकाला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यानं कधी सांगितलेलं नाही.

सोंडेवरचे ठिपके? मूर्ती शाडूची होती, कच्ची माती, भाजलेली नाही. पाण्यानं पुसायला गेलं तर अस्तरच निघून येणार. काकानं ते वाळू दिले, पांढऱ्याचा पातळ हात दिला, तो वाळू दिला, मग अंगाचा रंग. पावसाळ्यात या प्रत्येक "वाळू दे"ला एक दिवस धरायचा. तीन ठिपक्यांना तीन दिवस लागले.

कोकणातल्या पावसाची ही एक गंमतच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मूर्ती वाळता वाळत नाही, हॅलोजन लावा, पंखे लावा, शेगडी ठेवा. आणि त्याच कारखान्यात, त्याच हवेत, सुईच्या टोकावरचा रंग मात्र मिनिटाभरात वाळून खपली धरतो. कारण त्या टोकावरून सतत वारा वाहतो. म्हणून शेडिंग करताना अधूनमधून ओल्या फडक्यानं टोक टिपत राहावं लागतं, नाहीतर गन थुंकते. ट्रिगर सोडतानाही आधी पुढे सोडून रंग बंद करायचा, हवा नंतर. घाईत एकदम सोडला की टोकावर थेंब राहतो आणि पुढच्या मूर्तीवर पहिला तोच उडतो. शिवाय कॉम्प्रेसरच्या टाकीत दमट हवा दाबली की पाणी सुटतं. संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडला की वाटीभर पाणी निघतं. ते काढायचं विसरलात तर दुसऱ्या दिवशी रंगातून शुद्ध पाण्याचे ठिपके मूर्तीवर. शाडूच्या मूर्तीवर तेही दिसतात.

बरं, प्रत्येक वेळी गन अशी अख्खी खोलत बसलं तर चतुर्थी निघून जाईल. खोलून, पुसून, परत जोडायला माझ्या हाताला दहा-बारा मिनिटं लागतात, चुळीला एक मिनिट. इथे सगळं गणित येतं. पिवळ्यावरून केशरीवर जायचं तर एक चूळ पुरते, कारण केशरीत पिवळ्याचा थेंब राहिला तर कुणाच्या बापाला कळत नाही. केशरीवरून तांबड्यावर, तांबड्यावरून मरूनवर, तसंच. पण निळ्यावरून पिवळ्यावर यायचं म्हणजे अख्खी गन खोलणं आलं. निळ्याचा एक थेंब वाटीभर पिवळ्याला हिरवट करतो, पिवळ्याच्या थेंबानं मात्र निळ्याचं काही बिघडत नाही. रंगांमध्ये बरोबरी नसते, हे मी चित्रकलेच्या तासाला शिकले नाही, परातीशी बसून शिकले.

आणि मग लक्षात येतं की आख्खा कारखाना या धुण्याभोवती मांडलेला आहे. बाहेरून येणाऱ्याला वाटतं की एक मूर्ती घेतात, ती पूर्ण रंगवतात, मग दुसरी घेतात. तसं कुठेच होत नाही. आधी सगळ्यांचं अस्तर, मग सगळ्यांचं अंग, मग सगळी पिवळी पीतांबरं, मग केशरी, मग तांबडी, निळा-जांभळा अगदी शेवटी. सोनेरी आणि मोतिया रंगाची गन वेगळीच ठेवलेली, कारण त्यातली चमक म्हणजे बारीक कण असतात आणि ते धुवून कधीच पूर्ण जात नाहीत. एखादा गिऱ्हाईक आषाढात येऊन म्हणतो, "माझी मूर्ती आज पूर्ण करून दाखवा ना." काका हसतो आणि त्याला चहा देतो. त्या माणसाला कसं सांगणार, की तुमच्या बाप्पाचा शेला निळा आहे आणि निळ्याला अजून बारा दिवस आहेत. घाई फक्त परदेशी जाणाऱ्या मूर्तींची. त्या जहाजानं जातात, म्हणून उन्हाळ्यातच निघतात, आणि त्यांच्यापुरता पिवळा-ते-निळा असा एक छोटा फेरा आधी करून घ्यावा लागतो. मे महिन्यात गन एकदा पूर्ण खोलली जाते ती अमेरिकेतल्या गणपतींमुळे, असं आम्ही म्हणतो.

अमेरिकेवरून आठवलं. हे अवजार तिकडचंच. आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलर नावाच्या माणसानं १८७९ च्या सुमारास त्याचं पहिलं रूप बनवलं, आणि सुरुवातीला त्याचा उपयोग होता तो फोटो सुधारायला, मोठ्या केलेल्या तसबिरींवर रंग चढवायला. आज आपण हातात धरतो त्या घडणीच्या जवळ जाणारी गन चार्ल्स बर्डिक यांची, ती १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेली. आणि १८९३ म्हणजे टिळकांनी पुण्यात गणपती सार्वजनिक केला ते साल. मी हे मोठ्या कौतुकानं काकाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आमच्याकडे पोचायला एवढी वर्षं का लावली?"

प्रश्न खरा आहे. काकाच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सगळं काम कुंचल्यानं केलं. शेडिंग म्हणजे ओल्या रंगात ओला रंग मिळवत नेणं. गन आली ती काकाच्या उमेदीत, आणि आजोबा तिला "पिचकारी" म्हणायचे, ते कौतुकानं नव्हे. डोळे मात्र अजून कुंचल्यानंच होतात. आखणीला येतात त्या मावशी गनच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत, त्यांचं काम वेगळ्या खोलीत, दार लोटून. त्यांचा कुंचला धुवायला पाण्याचा एक पेला पुरतो आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही.

धुण्याच्या पाण्याबद्दल मात्र लिहायला हवं, आणि इथे मला थोडं अवघडायला होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात प्लास्टरला मनाई होती, रंग कुठले वापरावेत तेही होतं. त्यावर पेण-हमरापूर-जोहे पट्ट्यात केवढं रण माजलं. शाडू की प्लास्टर, यावर घराघरात तट पडले. मग जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती बनवायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र तेव्हा नाही. या सगळ्या चर्चेत मूर्ती पाण्यात गेल्यावर काय होतं ते प्रत्येकजण बोलतो. मूर्ती घडताना जी बादली रोज संध्याकाळी भरते, तिच्याबद्दल मी एकदाही ऐकलं नाही. आमची बादली वर्षानुवर्षं मागच्या गटारात उलटी होत होती. सगळे रंग मिळून तिचा रंग शेवटी एकच होतो, शेणासारखा. आता आम्ही ती एका पिंपात साठवतो, गाळ खाली बसू देतो, वरचं पाणी पहिल्या चुळीला वापरतो. खालच्या गाळाचं काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे नाही. पिंप अजून तिथेच आहे.

आणि जे हवेत जातं ते वेगळंच. आता मी मास्कशिवाय उभी राहत नाही, पण लहानपणी तोंडाला गमछा एवढाच बंदोबस्त. सकाळी नाक शिंकरलं की काल कुठला रंग होता ते कळायचं. आम्ही भावंडं त्यावर हसायचो.

मी आता ठाण्याला असते, बँकेत. श्रावणात आठ-दहा दिवस रजा काढून पेणला जाते. तिथे माझं काम ठरलेलं, धुणं. रंग मारणारी मुलं माझ्यापेक्षा सरस आहेत, त्यांच्या हातात लय आहे. पण धुण्याचा त्यांना कंटाळा. वाळलेला ॲक्रिलिक निघत नाही म्हणून एकानं काच पुसायचं अमोनियाचं द्रावण वाटीत रात्रभर ठेवलं. सकाळी रंग गेला होता, आणि आतलं पितळ हिरवं-काळं पडलं होतं. अमोनिया मिनिटभर चालतो, रात्रभर नाही. दुसऱ्यानं नोझलमध्ये टाचणी घातली. त्या नोझलचं भोक आता गोल राहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी जरा उशिरा पोचले. पिवळं सगळं उरकलं होतं. काकानं स्वतः गन धुतली होती, टाइल समोर धरून. सत्तरी ओलांडली तरी हे काम तो कुणाला देत नाही, मी असले तर गोष्ट वेगळी. मी पोचले तेव्हा तो दुसऱ्या दिवशीच्या अंगाच्या रंगासाठी निळी गन धूत होता, थोडं काम मागून आलं होतं. फस्स, फस्स, टाइलवर पाणी. मान तिरकी करून त्यानं बघितलं, समाधानानं गन खाली ठेवली. "बघ, झाली."

मी बघितलं. टाइलवरच्या थेंबांच्या कडांना निळसर छटा होती. फार नाही, धुक्यासारखी. पण होती. आणि काकाला ती दिसत नव्हती.

मी म्हटलं, "माझ्या हाताला सवय राहावी म्हणून मीच एकदा खोलते," आणि परात ओढली. सुईवर कडं होतंच. तो बाजूला बसून बघत होता, बोलला काही नाही. मी मुद्दाम सुई त्याच्याकडे वळवली नाही.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि पहिला मार बसतो तो निळ्याला, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. जगावर कुणीतरी हळूहळू पातळ पिवळा हात देत जावा तसं. इतकं हळू, की ज्याच्या डोळ्यात चाललंय त्याला पत्ता लागत नाही. चतुर्थी होऊन गेल्यावर, दिवाळीच्या आधी, काकाचं ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, महिन्यानं डावा. पट्टी सुटल्यावर तो दोन दिवस सगळ्या गोष्टींकडे संशयानं बघत होता. स्वयंपाकघरातली भिंत पांढरी आहे हे त्याला मान्यच नव्हतं, निळी लावली का म्हणून विचारत होता.

पौषात मी सहज गेले होते. कारखाना उघडून आम्ही दोघं साफसफाईला लागलो. दर वर्षी चार-पाच मूर्ती उरतात, त्या मागच्या फळीवर जुनेर टाकून ठेवलेल्या असतात. काकानं एकीवरचं जुनेर काढलं आणि तसाच उभा राहिला. सिंहासनावरची, पिवळ्या पीतांबराची मूर्ती. मी यायच्या आधी रंगवलेली. तो ती उचलून दारात उजेडाशी घेऊन गेला, मान तिरकी केली, पीतांबराच्या निऱ्यांवरून बोट फिरवलं.

"अगो, हा पिवळा मी मारला?"

"हो."

"हिरवट मारतोय."

मी झाडू हातात धरून उभी. तो अजून निऱ्यांकडेच बघत होता. "अशा किती गेल्या?" त्यानं विचारलं, मला की बाप्पाला, कळलं नाही. बाहेर कुणाची तरी रिक्षा वळत होती, तिचा आवाज जाईपर्यंत तो थांबला. मग मूर्ती जपून ओट्यावर ठेवली, कमरेला हात लावून वाकला आणि फळीखालची परात बाहेर ओढली.

"गन आण इकडे," तो म्हणाला. "आणि टाइल."